नारळावर कर्ज नाही

१२ जून १९५७, बुधवार
मॅट्रिकचा निकाल लागून आठवडा झाला. नागपूरच्या कॉलेजात जागा आहे. फी, वसतिगृह धरून रु. १५०, ता. २९ च्या आत. वर्ध्याची एक बँक विद्यार्थ्यांना कर्ज देते म्हणे. परवा जातो.

१४ जून
समुद्रपूरहून वर्ध्याची पहिली मोटार धरली. बँकेतले बाबू भले माणूस. ‘‘बापाचं उत्पन्न?’’ सांगितलं, बाबा हाडवैद्य, नारळाशिवाय काही घेत नाहीत. घर आईच्या मजुरीवर. कापूस वेचणे, सरकी काढायच्या जिनात जाणे. त्याचा कागद कोण देतो? बाबू हसले. ‘‘नारळावर कर्ज भेटत नाई, बापू. वैद्यकीचे वर्षाले तीनशे लिही, बापाचा अंगठा आन. बाकी मी पाह्यतो.’’
येताना सगळा रस्ता खुशीत.

१५ जून
बाबांना सांगितलं. त्यांच्या गुरूची अट: पैसा घेतला की हाताचा गुण जातो.
‘‘घेतलाच नाई तं लिहू कसा?’’
‘‘नुस्तं लिहाचं आहे, बाबा.’’
‘‘मंग तं लबाडीच झाली.’’
आई उसळली, ‘‘गुन काय चाटाचा हाय? पोराचं साल वाया जाऊन राह्यलं!’’

१८ जून
बाबांशी बोलणे बंद. गेल्या साली जिनवाल्या शेठचा खांदा बसवून बाबांनी दहाची नोट परत केली, तेव्हा छाती फुगली होती माझी. आता तीच नोट डोळ्यांपुढून हलत नाही.
अंगठा मीच उठवावा? शाई काढली. ठेवून दिली. शी.

२२ जून
बाबांनी आपणहून कागद मागितला. अंगठा उठवला, धोतराला पुसला. म्हणाले, ‘‘हा कागद बँकेत गेला, का मी हाडाले हात लावनार नाई.’’ रागाने म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

२४ जून, सोमवार
वर्ध्याला जाऊन आलो. बाबू रजेवर, उद्या येणार. मनातून बरं वाटलं, मग बरं वाटल्याचाच संताप.
घरी आलो तर दारात बैलगाडी. शेजारच्या गावची म्हातारी, खांदा निखळलेला, कळवळत होती. बाबा ओट्यावर हात बांधून उभे. मला पाहून विचारलं, ‘‘कागद देला का?’’
‘‘नाई.’’
लगेच खाली उतरले. एक हिसका, म्हातारी गप्प. मग हसलीच. नारळ ठेवून म्हणाली, ‘‘परवा पट्टी बदलाले येतो, वैद्यबाबा.’’
एरवी बाबा ‘येजो माय’ म्हणतात. आज माझ्याकडे पाहत राहिले.
उद्या वर्ध्याची पहिली मोटार सातला.