हुंकार आणि मुसळ

राजाजीनगर, ता. १ ऑगस्ट

चि. मैत्रेयीस आज्जीचे अ. आ. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मला ऐकू येत नाही, म्हणजे दोघींचं नुकसान. म्हणून मी सांगते आणि तुझी आई महानंदा लिहिते. तुझा बाप रोज तिकडच्या ऑफिसला जातो, पोस्टमन तोच. सुनेला तोंडावर बोललं की भांडण होतं, तिच्याच हातून लिहून घेतलं की पत्र होतं. तर लिही गं: कालच्या हुळीत, म्हणजे तुझ्या आमटीत, मीठ नव्हतं.

मंजुनाथच्या भाजीच्या गाडीशी मी बसले, पडले नाही. त्यानं आधी टोमॅटोचं खोकं सावरलं, मग मला. स्वल्प चक्कर आली, तर तुम्ही छातीत बॅटरीची डबी बसवायला निघालात. नाडी चालू आहे माझी, बोट लावून बघितलंय. तू दिवसभर दवाखान्यात लोकांच्या छातीला वायरी चिकटवतेस, म्हणून आज्जीलाही सोडायचं नाही का? डॉक्टरांना बारा तारखेच्या सोमवारच्या आत उत्तर हवंय. माझं उत्तर: नको.

माया असू दे, हुळीपेक्षा घट्ट.
तुझी आज्जी

एचएसआर लेआउट, ता. ३ ऑगस्ट

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

नाडी चालू आहे, पण फार रेंगाळत. तुझ्या ईसीजीच्या कागदी पट्टीवर काय दिसलं ते सांगते. हृदयाला दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात बारीकशी वीज उठते. आधी वीज, मग हालचाल. वरच्या खोल्या आवळतात आणि रक्त खाली ढकलतात. वीज मधल्या दाराशी क्षणभर थांबते, खालच्या खोल्या भरू देते. मग ती खाली उतरते, खालच्या खोल्या आवळतात आणि रक्त अंगभर जातं. तुझ्या बोटाला लागते ती हीच शेवटची ढकल.

तुझं मधलं दार बंद पडलंय. वरचा मजला नेमानं चालतो, खाली निरोपच पोचत नाही. खालचा आपल्या मनानं, सावकाश चालतो. डोक्याला रक्त कमी पडलं की तुझं ते गाडीशी ‘बसणं’ होतं. पुढच्या वेळी मंजुनाथअण्णा शेजारी नसले तर? मला त्याचीच भीती वाटते. डबी, म्हणजे तो पेसमेकर, खालच्या मजल्याला निरोप देईल, बाकी काही नाही.

रागावलीस तरी आशीर्वाद पाठव.
तुझी मैत्रेयी

राजाजीनगर, ता. ५ ऑगस्ट

चि. मैत्रेयीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा कळलं की हे मला ठाऊक होतं. निपाणीकडे मी आणि माझी जाऊ यल्लव्वा एका उखळात पोहे कांडायचो. तिनं हुंकार द्यायचा, मग माझं मुसळ पडायचं. मध्ये एवढासा दम. त्या दमात ती हात घालून पोहे उलथायची. दम चुकला तर तिची बोटं. ती गेली आणि माझा हात बिथरला, उचलायचा कधी तेच कळेना. शेवटी उखळ पालथं घातलं.

आता खरं विचारते. महानंदा नाक ओढतेय, तरी लिही म्हटलंय. माझी वेळ झाली आणि डबी थांबलीच नाही तर? मी गेलेय, छाती धडधडतेय, आणि तुम्ही भोवती बसून मला धरून ठेवलंय. मरायला मी भीत नाही गं. अडकून राहायला भिते.

खरं तेच लिही, गोड नको.
आज्जी

एचएसआर लेआउट, ता. ७ ऑगस्ट

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

नाही, अडकणार नाहीस. डबी म्हणजे यल्लव्वाआज्जीचा हुंकार. मुसळ तिच्या हातात नाही. वीज म्हणजे ठोका नव्हे, ठोका द्यायला मांसाला आवळावं लागतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका आजोबांच्या पट्टीवर डबीच्या निरोपाच्या रेघा उमटत होत्या आणि शेजारच्या पडद्यावर त्यांचं हृदय निवांत होतं. निरोप येत होता, घ्यायला कोणी नव्हतं. त्यांना कोणी अडवलं नाही.

पुढे विचारशीलच, म्हणून सांगते: चितेवर ठेवण्याआधी डबी काढून घेतात.

गोड काही लिहिलेलं नाही, तरी लोभ कमी करू नकोस.
मैत्रेयी

राजाजीनगर, ता. ९ ऑगस्ट

चि. मैत्रेयीस अ. आ. वि. वि.

तुझ्या बापाला, दयानंदला, सांगितलंय, डॉक्टरांना सरी, म्हणजे बरं, म्हणून कळव. तो ऐकून खुर्चीतच बसला. त्याचीही पट्टी काढून घे.

यल्लव्वा गेल्यापासून मला हुंकार द्यायला कोणी नव्हतं. आता छातीतच बसवताय म्हणता, तर बसवा. फक्त डॉक्टरांना सांग, बेतानं लावा. यल्लव्वाला फार घाई असायची आणि मला तिच्यापुढे मुसळ आवरावं लागायचं.

सोमवारी लवकर ये. हात धरायला नको, नुसती समोर उभी राहा.

मुसळ अजून माझ्या हातात आहे, तोवर माया राखून घे.
तुझी आज्जी

ता. क. हे माझं. सांगता सांगता त्यांनी दवाखान्याची पिशवी स्वतःच भरली. त्या दिवशीच्या हुळीत मीठ होतं, तेही आत्ता कबूल केलं. — आई