पांढरा धूर

३ डिसेंबर

परत तेच! पहाटे साडेपाचला सेल मारला — इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. मागून पांढराफटक धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. बाराव्या सेलला कुठे थरथरत सुरू झाली. पिकअपमध्ये पिल्लांचे साठ खोके. एका दिवसाची पिल्लं, गारठा अजिबात सोसत नाही त्यांना. हॅचरीचा सुपरवायझर घड्याळ बघत उभा.

दुपारी मात्र अर्ध्या सेलला चालू. जसं काही घडलंच नाही!

५ डिसेंबर

नवी बॅटरी टाकली. सेल आता दणक्यात बसतो. गाडी मात्र तशीच रुसलेली.

६ डिसेंबर

ट्यूनरला फोन केला. यानेच मागच्या उन्हाळ्यात गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम भरला. चढावर काय पळायला लागली होती! आठवडाभर मी मिरवत होतो. तो म्हणतो, "प्रोग्रामचा काही संबंध नाही, साहेब. हीटर प्लग गेले असतील." म्हणजे थंडीत सेल मारण्याआधी इंजिन आतून तापवतात ते. ठीक आहे. तेही बदलू.

८ डिसेंबर

चारही बदलले. सकाळी पुन्हा धूर. शेजारी तर मी किल्ली हातात घेतली की खिडक्या लावून घेतात.

बायको म्हणाली, "दादांना दाखवा ना."

"कोणत्या तोंडाने?"

"आहे त्याच."

९ डिसेंबर

लिहूनच टाकतो. नीट असं कुणालाच सांगितलेलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. डिझेल मिस्त्री. मला पाना धरायला त्यानेच शिकवलं. दीड वर्षापूर्वी त्याच्या गॅरेजवर गाडीचा डिझेल फिल्टर बदलला आणि दुसऱ्याच दिवशी भर उन्हात, रस्त्यात गाडी बंद पडली. पाइपची क्लिप ढिली राहिलेली, आत हवा शिरलेली. दोन तास अडकलो. खोके उघडले तेव्हा बावीस खोक्यांतून आवाजच येईना.

तसाच गॅरेजवर गेलो, त्यातला एक खोका हातात घेऊन. गिऱ्हाइकं होती, शेजारचा टायरवाला होता. मी ओरडलो, "सकाळपासून ढोसून बसतोस का? हात बघ कसे लटपटतायत!"

तो काही बोलला नाही. मी म्हटलं, बघा, बोलायला तोंड आहे का! अशी गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. मीही परत त्या बाजूला फिरकलो नाही.

दादाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

११ डिसेंबर

आज सुरूच झाली नाही. भरलेले खोके उतरवून परत आत नेले. सुपरवायझरने दुसरी गाडी बोलावली. जाताना एवढंच म्हणाला, "उद्याचंही त्यालाच सांगतो."

दहा वाजता, ऊन चढल्यावर चालू झाली. तिथून सरळ दादाकडे. बायकोला कळवलंही नाही — धीर गेला असता.

गॅरेजचं एक शटर खाली. दादा स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. 'बस' म्हणाला नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गरम इंजिन खोटं बोलतं. ठेवून जा. सकाळी ये."

१२ डिसेंबर

सहाला पोचलो. दादाने सेल मारायला लावला, मागे उभं राहून धूर बघितला.

"धूर पांढरा. म्हणजे डिझेल येतंय, जळत नाहीये. आत ऊबच नाही."

"प्लग नवे आहेत, दादा."

"नवे आहेत. पण त्यांना करंट जातो का, बघितलंस?"

नव्हतं बघितलं. कुणीच नव्हतं!

"बल्ब लावून बघ. तूच लाव." आणि तेव्हा लक्षात आलं. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हिंदकळून बोटांवर सांडत होता.

प्लगच्या तारेला बल्ब लावला. पेटला नाही. तो सांगत गेला, मी करत गेलो. करंट जोडणारा रिले ठीक. वायर ठीक. "म्हणजे कॉम्प्युटरच हुकूम देत नाही. कुठल्या तरी गरम मुलखातल्या गाडीचा प्रोग्राम उचलून भरलाय. ताकद वाढवली आणि इंजिन तापवायचं काढून टाकलं. जुना परत भरून घे."

बॅटरीवरून थेट वायर देऊन प्लग दहा सेकंद तापवले. पहिल्या सेलला चालू! मी हसत वळलो तर दादा आत निघून गेलेला.

वहिनी बाहेर आली. "दोन वर्षं झाली हातांना. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार."

म्हणजे तेव्हाही. मी म्हणालो, "म्हणूनच त्या दिवशी ती क्लिप..." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आजार होता, कुणाचाच दोष नाही, चला!

"क्लिप त्यांनी कुठे लावली, भावजी? त्यांना जमेना म्हणून तुम्हाला सांगितली. तुम्ही फोनवर बोलत बोलत लावलीत. मी इथेच उभी होते."

आठवलं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. हसत होतो कशाला तरी.

"मग दादा बोलला का नाही?"

"तुम्ही कुणाला बोलू दिलंत?"

१३ डिसेंबर

ट्यूनरला फोन केला, परवा या म्हणाला.

१५ डिसेंबर

ट्यूनरने कुरकुरत जुना प्रोग्राम भरून दिला. चढावर पहिल्यासारखी रखडते. पहाटे मात्र एका सेलला लागते. सुपरवायझर म्हणाला, "उद्यापासून या." बायकोने सुटकेचा श्वास टाकला. मी आंघोळीला गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

१६ डिसेंबर

पिल्लं पोचवून गॅरेजवर गेलो. मुद्दाम अकराला, माणसं असताना. टायरवाल्यालाही हाक मारली. चारचौघांत सांगितलं — क्लिप मी लावली होती, दारूचं खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं. टायरवाला खाली बघत राहिला. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सकाळी लागते ना गाडी?"

"लागते."

"बरं झालं."

मी म्हणालो, "येतो, दादा."

"जा," म्हणाला.