‘माहीत नाही’चा रकाना

३ ऑक्टोबर
आलो एकदाचा! हडसन नदीच्या वळणावरचं हे पांढरं लाकडी घर आजपासून माझं. ओसरीवर आरामखुर्ची टाकली. चाळीस वर्षं पोरांकडून कविता घोकून घेतल्या, आता त्या या लालभडक मेपलांना ऐकवायच्या. मायरा, माझी बायको, आज असती तर म्हणाली असती, एल्स्वर्थ, आधी खोकी उघड, कविता मग.

५ ऑक्टोबर
घर विकणाऱ्या डेकरबाईंनी भरून दिलेला, घरातले दोष सांगणारा फॉर्म आज निवांत वाचला. छप्पर गळतं का, वाळवी आहे का, सगळं चोख लिहिलंय. तळघरात काही धोका आहे का, या प्रश्नापुढे मात्र ‘होय’ नाही, ‘नाही’ नाही. खूण ‘माहीत नाही’वर. पस्तीस वर्षं राहून! माझ्या वर्गात असं उत्तर खपलं नसतं.

७ ऑक्टोबर
तळघरात मधोमध विहीर निघाली. लाकडी झाकण, त्याला आठ खिळे. उपटता उपटता दुपार गेली. आत काळंशार, नितळ पाणी. गंमत म्हणून एक कडवं म्हटलं.
पुढची ओळ खालून आली. मायराच्या आवाजात.

१० ऑक्टोबर
रोज दुपारी तिथेच बसतो. तीन वर्षांनी ऐकतोय तो आवाज. तिसऱ्या कडव्याला ती अडखळायची, तशीच अडखळते. कविता संपली की म्हणते, जरा वाक ना खाली. काल वाकलो. चष्मा निसटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नाही.

१२ ऑक्टोबर
डेकरबाईंना फोन केला. म्हणाल्या, नवरा आपल्या आईच्या हाका ऐकून उतरला तो वर आला नाही. त्यांनी झाकण ठोकलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. मग फॉर्मवर तसं का लिहिलं? तर ग्रोव्हर दलाल म्हणाला होता, खाली काय आहे ते बाई तुम्ही बघितलंत कुठे? शेवटी उलट मलाच म्हणाल्या, मास्तर, तुम्ही तरी विचारलंत का?

१५ ऑक्टोबर
झाकण ठोकलं, घर विकायला काढलं. ग्रोव्हर एका जोडप्याला घेऊन आला. त्यातल्या कॅसीच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी, दिवाणखान्यात खळखळून हसली. रविवारी पुन्हा येणार आहेत. ग्रोव्हर कानाशी लागला: ‘माहीत नाही’वर खूण करा नि मोकळे व्हा. उगाच खिळे उपटत बसलात, मास्तर. न बघणारा सुखी असतो.

१६ ऑक्टोबर
सकाळपासून तळघरात तेच हसू. त्या बाळाचं. दुपारी ते रडायला लागलं. थांबतं, पुन्हा रडतं, जरा अधिक केविलवाणं — सराव करतंय. तिच्या आईसाठी.

१७ ऑक्टोबर
नाही! त्या रकान्यात माझी खूण पडणार नाही. मी घर विकलं नाही तरी माझ्यामागे कोणीतरी ‘माहीत नाही’ लिहून विकेलच. ‘होय’ केलं, खाली सगळं लिहिलं. ग्रोव्हरने वाचलं, हसला, फॉर्म फाडून टाकला. कोरा ठेवून गेला. ठेव! पुन्हा भरला. उद्या कॅसीच्याच हातात देणार.
खालून मायरा रडते — मला दुसऱ्यांदा मारू नकोस. तू मायरा नाहीस. माझी मायरा खोल पाणी कुठे आहे ते दाखवल्याशिवाय एका पोराला नदीत उतरू देत नसे.

१८ ऑक्टोबर, रविवार
भरदुपार. खिळे आपोआप वर येताहेत. भरलेला फॉर्म चिंब झालाय, अक्षर उरलं नाही. पुढच्या दारापाशी बसलोय, मागे तळघराचा जिना. ही वही तेवढी कोरडी —

गाडी थांबली. दार वाजलं. मी तोंड उघडायच्या आत खालून उत्तर गेलं. माझ्याच आवाजात. या ना, दार उघडंच आहे, मी तळघरात आहे, बाळालाही आणा.

ओरडलो — येऊ नका! — खालून मीच हसलो, थट्टा केली हो.

कॅसी विचारतेय, मास्तर, नक्की कुठे आहात?

घोट्याला ओलं, गार काहीतरी. ओढतंय. आवाज त्याला सगळे येतात. लिहिता येत नाही. म्हणून लिहून देतो —

तळघरात विहीर आहे. ती आपल्या माणसांच्या आवाजात बोलावते. आत येऊ नका. मला माहीत आहे.
एल्स्वर्थ

दारातल्या टपाल टाकायच्या फटीपर्यंत हात पोचतोय. पान फाड—