फाटा जाम असला तर राजुरीवरून

३ मार्च
पुण्याहून परत. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर माझा मेंदू दाखवला. डावीकडे रक्तवाहिन्यांचा गुंता, जन्मापासूनचा. मागच्या महिन्यात फिट आली म्हणून सापडला. फुटलेला नाही, पण भोवतालची जोडणी ढिली झालीय. म्हणून नावं अडकतात. ऑपरेशन करायचं तर बोलण्याचा भाग अगदी चिकटून. "विचार करून सांगा."
बैलगाडा शर्यतीत माईकवर बैलांची नावं पुकारण्यात, ते सुटले की 'भिर्रर्र' अशी आरोळी ठोकण्यात जन्म गेला. कसला विचार करू?

६ मार्च
सकाळी सुनंदाला "अगं, ते हे दे" म्हणालो. सांडशी हवी होती. "अहो, सांडशीचंच नाव इसरलात ना? माझं न्हाई ना?" दोघं हसलो. मग बराच वेळ ती माझ्याकडे बघेना.

९ मार्च
यात्रा कमिटीचा बबनराव आला. चहा संपेपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा. मग, "अण्णा, औंदा माईक दुसऱ्याकडं देऊ. तुमी स्टेजवर बसा, फेटा बांधू."
जिवंतपणीच हार घालायला निघालेत. म्हटलं, फेटा तुझ्या डोक्याला बांध.

१४ मार्च
सुनंदा म्हणते नावं कागदावर लिहून देते. नको. बैल सुटल्यावर कागद बघू का शर्यतीचा घाट?
डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, नेहमीची वाट अडली की जोर लावू नका, वळसा घ्या. एवढंच ना? आळेफाटा जाम असला की बेल्ह्याला आपण राजुरीच्या आतल्या रस्त्याने जातोच की.
गोठ्यात उभं राहून करून पाहिलं. आधी गाव, मग मालक, मग रंग, शिंगं. नाव मागून आपसूक. सगळी नाही. बरीच.

२ एप्रिल
पिंपळवंडीची यात्रा. बबनरावाशी भांडून माईक घेतला. गाव, मालक, रंग, नाव. लोकांना वाटलं अण्णांची नवी ढब!
मग मंचरच्या तुकारामभाऊच्या गाड्याची पळायची बारी. गाव आलं, मालक आला, पांढराशुभ्र रंग आला, आणि तोंडातून निघालं "सर्जाऽऽ".
सर्जा दिवाळीत मेला. गाड्याला त्याचा भाऊ लक्ष्या होता. बैल पळत सुटले आणि मी मुका. 'भिर्रर्र' सुद्धा म्हणालो नाही. बबनरावाने माईक घेतला, मी दिला. फार लाज वाटली.

३ एप्रिल
तुकारामभाऊ दारात. शिव्या खायची तयारी ठेवली.
"रविवारी आमच्या घाटात या. माईक तुमीच धरायचा."
"कीव करतो का रे?"
"कीव? राग आलाय मला! सर्जाचं नाव घेतलं त्याचं काय न्हाई, घरी आमी बी चुकतो. पन माझी बारी चालू आसताना तुमी गप बसलात. बिना भिर्रर्रची बारी व्हती का कधी, राव?"
येतो म्हटलं. बरं वाटलं, हे खरं.

५ एप्रिल
दवाखान्यातून फोन. काय ठरलं? म्हटलं, रविवार होऊ द्या. भीती वाटते. वाटू दे.
सुनंदा शर्टाला इस्त्री करत होती. "अन् रविवारी नाव न्हाईच आलं तर?"
"तर भिर्रर्र. त्याला कुठं नाव लागतं?"