तिबोच्या नावाचा पेला

चि. तिबो यास,

मी राजाची बाई झाले, म्हणून ‘मला बहीणच नाही’ असं तू चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत सांगितलंस. पुढे राजालाही तसंच फटकळ बोललास आणि लुआर नदीकाठच्या कोठडीत गेलास.

नववर्षाला दरबारात एका घराण्याची एकच भेट घेतात. ती राजाने हातात घेतली, की देणाऱ्याला माफी आणि मान. रिकाम्या हाताने येणाऱ्याला दरबार आणि महाल दोन्ही बंद. सात वर्षं आपल्या घराची भेट मीच दिली. यंदा सोन्याच्या पेल्यावर मी माझ्याऐवजी तुझं नाव घातलं.

भेटींची नावं वाचणारा कारभारी हसला. “बाईसाहेब, शुद्धीवर आहात ना? संध्याकाळपर्यंत महाल सोडावा लागेल.”

“माहीत आहे. नाव मोठ्याने वाचा.”

राजाने पेला हातात घेतला. “क्लेमांस, त्या गाढवासाठी?”

“गाढव असला तरी माझ्या घरचा आहे, महाराज.”

भर दरबारातून मी ताठ मानेने बाहेर पडले.

उद्या तू सुटशील. हे पत्र मात्र मी पाठवणार नाही. बहिणीने सोडवलं हे कळलं, तर तू परत कोठडीत जाऊन बसशील. तुझ्या जागी मी असते, तर मीही तेच केलं असतं.

तुझी थोरली बहीण,
क्लेमांस