अर्जदार स्वावलंबी आहे

४ फेब्रुवारी. सकाळी ८.
गरजूंचे सरकारी अर्ज विनामूल्य लिहून देण्याचा निश्चय केला. माझे शिक्षण चौथीपर्यंत. परंतु ती चौथी त्या काळची. दाराला तशी पाटी लावली. सौ. म्हणाली, "आधी घरातला गळका नळ बघा, मग जगाचं बघा." लोकसेवेस घरातूनच विरोध होतो, हे जुनेच आहे.

६ फेब्रुवारी.
पहिले प्रकरण. खालच्या खोलीतील इस्त्रीवाल्या बाई. पक्षाघाताने उजवे अंग गेले, बोलणेही अस्पष्ट झाले. दीड वर्ष खाटेवर आहेत. मुलगी पॅकिंगच्या कारखान्यात. म्हणाली, "आजोबा, अपंगांची मदत मिळाली तर आईजवळ दिवसाची बाई ठेवता येईल. मी सारखी मधेच घरी पळते म्हणून सुपरवायझर चिडलाय. मार्चअखेरपर्यंत सोय करा म्हणतो, नाहीतर काम सोडा. मला लिहिता येतं, पण सरकारी भाषा नाही येत." मी म्हणालो, "निश्चिंत राहा."

७ फेब्रुवारी. दुपारी ३.
फॉर्म वाचून संताप आला. अंघोळ स्वतः करता काय? कपडे स्वतः घालता काय? शौचास एकट्या जाता काय? चाळीस वर्षे साऱ्या गल्लीच्या कपड्यांची घडी मोडू न देणाऱ्या स्त्रीविषयी असले परक्या कारकुनास कळवायचे? मुलगी भडाभडा सांगत होती. बाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मी तिन्ही ठिकाणी 'होय' लिहिले. शिवाय 'इतर माहिती'त: 'अर्जदार कष्टाळू व स्वाभिमानी असून कोणावरही भार टाकीत नाहीत.' अक्षर छापल्यासारखे आले. मुलगी कामाच्या घाईत होती, म्हणून वाचून दाखविले नाही.

१९ फेब्रुवारी.
उद्या तपासणीचे साहेब येणार. बाईंकडून सराव करून घेतला. साहेब आत आले की उठून उभे राहावयाचे. तीनदा कोसळल्या, चौथ्यांदा जमले. सौ.ने त्यांचे केस विंचरले.

२० फेब्रुवारी.
उत्तम! मुलगी कामावर होती. बाई खाटेची कड धरून उभ्या राहिल्या. साहेबांनी तत्काळ टिपून घेतले. "काही त्रास?" असे विचारले. बाईंचे ओठ हलले. मी म्हणालो, "त्या आपले आभार मानीत आहेत." साहेब गेल्यावर अंथरूण बदलावे लागले. ही बाब नोंदविण्याचे वस्तुतः कारण नाही.

३ मार्च.
निकाल आला. 'अर्जदार स्वावलंबी असल्याने अपात्र.' मदत नाकारली हे खेदजनक. तथापि सरकारने कागदावर 'स्वावलंबी' म्हणावे, हा सन्मान थोडा नव्हे. मुलीने विचारले, "आजोबा, 'होय' का लिहिलंत?" मी प्रतिष्ठेचे महत्त्व समजावून सांगितले. ती म्हणाली, "मी कामावर गेल्यावर प्रतिष्ठा येणार आहे का तिची चादर बदलायला?" पोरीचे तोंड फार वाढले आहे. सौ. म्हणाली, "लोकांची अब्रू झाकायला निघालात आणि त्यांचंच पांघरूण ओढलंत." अपील अवश्य करीन.

१३ मार्च. सायंकाळी ६.
अपील मुलीने स्वतःच लिहिले. ऑफिसची वेळ तिच्या पाळीत येते, म्हणून नाइलाजाने ते माझ्याकडे दिले. म्हणाली, "फक्त खिडकीत द्यायचं, आजोबा. फक्त द्यायचं." आज शेवटचा दिवस. रांगेत वाचले. 'आई अंथरुणातच लघवी करते. मी येईपर्यंत तशीच पडून असते. पाठीला जखम झाली आहे, परवापासून पू येतो.' आणि खाली बाईंचा अंगठा! तीन वाक्ये खोडली. वर सभ्य भाषेत लिहिले: 'क्वचित गैरसोय होते.'
कारकून म्हणाला, "आजोबा, खाडाखोड चालत नाही. पाचपर्यंत दुसरा लिहून आणा." दुसऱ्यावर पुन्हा अंगठा घ्यावा लागला असता. तेवढ्यात मुलगी मधेच घरी पळत आली असती, तर तिने पाहिले असते. मी म्हणालो, "आहे तसाच घ्या." त्याने घेतला. माणसाच्या वजनाने कामे होतात, ती अशी.

२९ मार्च.
अपील फेटाळले. कारण, खाडाखोड. कागदाची प्रत परत आली आहे. मुलीने अक्षर ओळखले. इतके वळणदार अक्षर इमारतीत दुसऱ्या कोणाचे नाही. ती भांडली नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आले असते.

३० मार्च.
वरिष्ठांना सविस्तर पत्र लिहावयास घेतले. मायना झाला. पुढे सुचले नाही. थंडीमुळे बोटे आखडतात. (थंडी संपली आहे, असे सौ.चे म्हणणे.)

२ एप्रिल.
काम सोडले तर दोघींनी खायचे काय? म्हणून मुलीने बाईंना निराधारगृहात ठेवण्याचे ठरविले. सकाळी गाडी आली. तिला रजा मिळाली नाही, म्हणून मी हजर राहिलो. दोन माणसांनी बाईंना चादरीसकट उचलले. एकाने पाठ पाहून विचारले, "ही जखम किती दिवसांची?" मी म्हणालो, "तीन आठवडे." तो म्हणाला, "मग कुणी कळवलं कसं नाही?"
मी चादरीचे लोंबते टोक आत खोचले.
सायंकाळी सातला मुलगी कामावरून आली. दार उघडताना सवयीने तिने आत हाक मारली. आम्ही दोघे वर बसलो होतो. स्पष्ट ऐकू आली.