ठप्पा मारलेला नमुना

१२ मार्च २००४

लॅबमध्ये पोचायला उशीर. भनपुरीला रस्ता अडला होता. शहर राजधानी झाल्यापासून ट्रकांची रांग हटतच नाही.

दुपारी नर्सिंग होममधून रक्ताचा नमुना आला. नत्थू, वय ३४, हमाल. पोटॅशियम ७.९! पाचच्या आत हवं. पण आमच्याकडे सातच्या वर गेलं की नमुना फुटला समजायचं. उरला-सिलतराहून नळ्या मोटरसायकलवर आदळत येतात, रक्तपेशी फुटतात, आतलं पोटॅशियम सांडतं आणि आकडा खोटा चढतो. त्यासाठी रबरी ठप्पाच करून ठेवलाय — ‘नमुना फुटलेला. पुन्हा पाठवा.’ मारला.

दुसरा नमुना आला नाही.

१३ मार्च

नत्थू काल पाच वाजताच मेला.

भनपुरीच्या खताच्या गोदामातून पोटॅशचं पोतं चोरलं म्हणून सात जणांनी सकाळी त्याला खांबाला बांधलं. लोखंडी पाइप. मांड्या, पोटऱ्या, पाठ — मांसाचा लगदा होईपर्यंत. मग दुपारपर्यंत उन्हात तसाच. डोक्याला हात लावला नाही, मरू नये म्हणून! दवाखान्यात तो बसून चहा मागत होता. लघवी चहापेक्षा काळी. बोलता बोलता हृदय थांबलं.

पोटॅशियम पेशींच्या आत असतं तोवर जगवतं. मांस ठेचलं की रक्तात उतरतं, आणि तेच हृदय बंद पाडतं. हे मला बी.एस्सी.पासून ठाऊक आहे.

संध्याकाळी फ्रिजमधून त्याची नळी काढली. फुटलेल्या नमुन्यात वरचं पाणी लाल दिसतं. हे पिवळं होतं. स्वच्छ पिवळं. ठप्पा मारताना मी नळीकडे पाहिलंच नव्हतं.

१५ मार्च

नर्सिंग होमच्या डॉक्टरांना फोन केला. आकडा खरा कळला असता तर कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन लगेच डायलिसिसला हलवलं असतं, म्हणाले. ओरडले नाहीत. “तुमचा ठप्पा पाहून थांबलो,” एवढंच.

पोतं गोदामातच सापडलं. दुसऱ्या थप्पीमागे.

१६ मार्च

त्या सातांचा वकील म्हणतोय, हृदयविकाराने गेला, मारामुळे नाही. मार किती खोल होता ते सांगणारा आकडा एकच, आणि त्यावर माझा ठप्पा.

लॅबचे मालक शालिग्रामजी यांनी दार लावून घेतलं. “ठप्पा राहू दे, नळी फेक. काहून उकरून राहिला? तू सुटतो, लॅब सुटते.”

आणि ते सात, मी विचारलं.

“त्याईले मारायले तू सांगितलं होतं का?”

नळी फेकली नाही. पण बोललोही नाही. हा सावधपणा की भित्रेपणा?

१८ मार्च

ओल्या गोणपाटावर काठी बसावी तसा आवाज. जेवतानाही. बायकोने, पद्मिनीने, दोनदा विचारलं, काय ऐकून राहिले? मी ताट सरकवलं.

१९ मार्च

ठाण्यात जबाब दिला. नळी जमा केली. नमुना चांगला होता, आकडा खरा, ठप्पा ही माझी चूक. हवालदाराने विचारलं, हे असंच लिहू का? लिहा म्हटलं.

बाहेर नत्थूची बायको लता बाकावर बसली होती. तिलाही सांगितलं — मी नीट पाहिलं असतं तर कदाचित वाचला असता. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं.

“आप मन तो बता देव, भैया. बाकी मन तो खड़े-खड़े देखत रिहिन.” तुम्ही निदान सांगितलंत, बाकीचे नुसते उभे राहून बघत होते.

हात जोडले तिने. मला!

२० मार्च

बारा तारखेची नोंद दुरुस्त करतो. रस्ता अडला नव्हता. स्कूटर मी थांबवली होती, त्या गोदामासमोर. चांगली पाच मिनिटं.